साखर, खाज आणि एक जुनी गल्लत

पाठ दुखते, ॲसिडिटी झाली, मायग्रेन आहे, हे सगळं ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चारचौघांत सांगता येतं. खाज येते हे सांगता येत नाही. आपल्या भाषेनंही या शब्दाचं फारसं भलं केलेलं नाही. "तुला फार खाज आहे का रे?" असं कोणी विचारलं तर तो तब्येतीची चौकशी करत नसतो :-)

पण घरात जुना मधुमेही असेल तर हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, काही नाही, आणि माणूस रात्री दोन वाजता उठून कंगव्यानं पाठ खाजवतोय. किंवा पोटऱ्या ओरबाडून रक्त काढतोय. मधुमेहात ओरबाडा ही साधी गोष्ट नाही. पायाची संवेदना कमी झालेली असते, जखम उशिरा भरते, आणि एका नखाच्या ओरखड्यापासून सुरू झालेलं प्रकरण कुठवर जाईल हे सांगता येत नाही. म्हणून गेले काही वीकांत मी या खाजेच्या औषधांचा इतिहास वाचत बसलो होतो. आणि वाचता वाचता लक्षात आलं की 'मधुमेहाची खाज' नावाचा एक आजार नाहीच. निदान चार वेगवेगळी दुखणी एकाच नावाखाली नांदताहेत. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज एक, बग चार. बहुतेक वेळा लोकांनी बग न शोधता मेसेज बंद करायचा प्रयत्न केला.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेतल्या मधुमेहाचा विषय निघाला की सगळे मुंग्यांची गोष्ट सांगतात. रुग्णाच्या अंगाकडे आणि लघवीकडे मुंग्या धावतात, ती. मला त्याच यादीतली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. प्रमेहाची पूर्वलक्षणं सांगताना चरकानं तळहात-तळपाय बधिर होणं आणि त्यांची आग होणं नोंदवलंय. म्हणजे साखरेचा आणि कातडीच्या जाणिवेचा काहीतरी संबंध आहे, एवढं निरीक्षण तेव्हाही होतं. (आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं, असा सूर मी लावत नाहीये. निरीक्षण वेगळं आणि कारण कळणं वेगळं.)

युरोपात १६७४ साली थॉमस विलिसनं मधुमेह्याची लघवी मधासारखी गोड लागते असं लिहिलं. चव कोणी आणि कशी घेतली या तपशिलात नको जायला. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननं ती लघवी आटवून दाखवली. खाली पांढरट गोळा उरला, तो वासाला नि चवीला साखरेसारखा. रक्तातला द्रवही गोडसर लागतो हे त्यानंच नोंदवलं. तिथपासून मधुमेह म्हणजे लघवीतली साखर, हे समीकरण पक्कं झालं.

खाजेचा पहिला धागा इथेच जुळतो. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांच्या ध्यानात यायला लागलं की काही बायका योनिमार्गाच्या बाहेरच्या भागाला सतत खाज येते म्हणून येतात, आणि लघवी तपासली की साखर निघते. म्हणजे तहान, वजन घटणं यांच्याही आधी काही जणींच्या बाबतीत मधुमेहाची पहिली खबर खाजेनं दिली होती. आता विचार करा, त्या काळात किती जणी ही तक्रार घेऊन पुरुष डॉक्टरकडे गेल्या असतील? ज्या गेल्या त्यांच्या नोंदी झाल्या. ज्या गेल्या नाहीत त्यांच्या कुठून होणार? आणि 'त्या काळात' म्हणायचं तरी कशाला, आजही आपल्या घरातली एखादी मावशी किंवा काकू हे तोंडानं सांगेल का?

इन्शुलिनच्या आधी उपाय म्हणजे कडक पथ्य, जवळजवळ उपासमार. गंमत म्हणजे एवढ्यानंही ही विशिष्ट खाज कमी व्हायची. लघवीतली साखर गेली की खाज उतरायची. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचलं आणि मधुमेहाचा सगळा इतिहासच बदलला, ते सर्वांना माहीत आहे. साखर आटोक्यात आणायला आता उपाशी मरायची गरज उरली नाही.

तरीही काही जणींची खाज जायची नाही. कारण तिच्यामागे एक भाडेकरू होता: कॅन्डिडा नावाची बुरशी. ही आपल्या अंगावर तशीही असते, पण साखर मुबलक झाली आणि पांढऱ्या पेशी मंदावल्या की ती पसरते. पुरुषांनाही शिश्नाच्या टोकाशी होते. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आणि त्याचे भाऊबंद आले आणि बुरशीचं आणखीच फावलं, कारण तिच्याशी जागेसाठी भांडणारे जीवाणूच मेले. बुरशीवर उपाय काय, तर जांभळं औषध फासायचं. जेन्शन व्हायोलेट. कपडे, चादरी, सगळं जांभळं.

इथे या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती जोडी येते. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात, म्हणजे सरकारी नोकरीत. हेझन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, न्यूयॉर्क शहरात. ब्राउन रसायनशास्त्रज्ञ, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर लांब ऑल्बनीत. हेझनबाई ठिकठिकाणची माती गोळा करायच्या, त्यातले जंतू वाढवायच्या, आणि त्यातला कोणता बुरशीला मारतो ते पाहायच्या. काही आशादायक सापडलं की काचेच्या बरणीत घालून चक्क टपालानं ऑल्बनीला पाठवायच्या. ब्राउनबाई त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढून परत टपालानं पाठवायच्या. व्हिडिओ कॉल नाही, स्टँडअप नाही, नुसत्या बरण्या. बहुतेक द्रव्यं बुरशीबरोबर उंदरांनाही मारायची, त्यामुळे बाद. शेवटी हेझनबाईंनी व्हर्जिनियात एका ओळखीच्या कुटुंबाच्या शेतावरून आणलेल्या मातीत हवा तो जंतू सापडला. त्याला त्या कुटुंबाचंच नाव दिलं, नूर्स. १९५० साली दोघींनी शोध जाहीर केला. औषधाचं नाव निस्टॅटिन. त्यातलं 'निस्ट' म्हणजे न्यूयॉर्क स्टेट.

माणसाला सुरक्षितपणे देता येईल असं हे बुरशीविरोधी पहिलं प्रतिजैविक. पेटंटच्या स्वामित्वधनातून पुढे एक कोटी तीस लाख डॉलर्सच्या वर रक्कम जमली. दोघींनी त्यातला पैसा स्वतःकडे ठेवला नाही, संशोधनाला दिला. १९६६ मध्ये फ्लॉरेन्सला पूर आला तेव्हा भिजलेल्या चित्रांवरची बुरशी हटवायलाही निस्टॅटिन वापरलं गेलं. आज ज्या क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोलची नावं आपण मेडिकलच्या दुकानात सहज घेतो, ती त्यानंतरची पिढी.

तर पहिला बग सापडला आणि सुटलाही: साखर अधिक बुरशी. गल्लत पुढे झाली.

१९३७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोव्हे आणि ॲन-मारी स्टाउब यांनी हिस्टामिनला अडवणारं पहिलं रसायन शोधलं. ते फार विषारी होतं, पण वाट दिसली. १९४६ मध्ये अमेरिकेत डायफेनहायड्रामिन औषध म्हणून आलं, १९५७ मध्ये बोव्हेला नोबेल मिळालं. पित्त उठणं, गांधी येणं, कीटक चावणं, यांवर या गोळ्या जादूसारख्या चालल्या. आणि जग एका सोप्या समीकरणावर खूष झालं: खाज म्हणजे हिस्टामिन, औषध म्हणजे अँटिहिस्टामिन. हातात हातोडा आला की सगळे खिळेच दिसायला लागतात, तशातला प्रकार. मधुमेह्याची खाज, मूत्रपिंडाच्या रुग्णाची खाज, म्हातारपणची खाज, सगळ्यांना तीच गोळी.

बरं, गोळीनं थोडं बरं वाटायचंही. कारण जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्या सणसणीत झोप आणतात. झोपलेला माणूस तक्रार करत नाही. झोप न आणणाऱ्या नव्या गोळ्या आल्या तेव्हा उघड झालं की या प्रकारच्या खाजेवर त्यांचा फारसा काही उपयोग नाही.

माझ्या आत्याचं हेच झालं. साठी उलटलेली, मधुमेह पंधरा वर्षांचा. पाठीच्या मधल्या पट्ट्यात खाज, पुरळ अजिबात नाही. वर्षभर वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांची एकाच जातीची गोळी दिली. बेसन बंद, वांगं बंद, आंबवलेलं बंद. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पाठ पाहायच्या आधी विचारलं, "पायांना मुंग्या येतात का?" आत्या म्हणाली, "त्या तर येतातच, पण मी पाठीसाठी आलेय." बाईंनी तिच्या अंगठ्याच्या हाडावर कंप पावणारा चिमटा टेकवला. आत्याला काहीच जाणवलं नाही.

हा दुसरा बग, आणि तो कळायला एका झुडपाची मदत झाली. दिवाळीनंतर सह्याद्रीत ट्रेकला गेला असाल तर ते तुम्हाला माहीत असेल: खाजकुइली. शेंगेवरच्या त्या सोनेरी-तपकिरी कुसळांचा प्रसाद ज्यानं एकदा खाल्लाय तो विसरत नाही. संस्कृतात कपिकच्छू, म्हणजे माकडालाही खाजवायला लावणारी. इंग्रजीतलं तिचं काउहेज हे नाव आपल्या हिंदीतल्या केवाँचवरून गेलंय, गायीशी त्याचा काही संबंध नाही.

१९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉल्टर शेली आणि आर्थर यांनी दाखवलं की या कुसळांतली खाज एका विकरामुळे, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममुळे, येते. हिस्टामिनमुळे नाही. पण या निरीक्षणाचं महत्त्व पटायला पुढची चाळीसेक वर्षं गेली, कारण तोवर खाजेला स्वतःची मज्जातंतू-वाट आहे हेच मान्य नव्हतं. १९२२ मध्ये माक्स फॉन फ्राय या जर्मन शास्त्रज्ञानं खाज म्हणजे सौम्य वेदना असं मांडलं होतं आणि ते ठाण मांडून बसलं होतं. १९९७ मध्ये मार्टिन श्मेल्त्स आणि सहकाऱ्यांनी जाग्या स्वयंसेवकांच्या पायाच्या नसेत बारीक सुई घालून, एकेका तंतूचे संदेश ऐकून, खास खाजेचे तंतू शोधले. त्यांचा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर. एवढी लेटन्सी आमच्या क्लायंटनं खपवून घेतली नसती.

मग खाजकुइली परत आली. २००७-०८ मध्ये दोन-तीन गटांनी दाखवलं की तिची खाज हिस्टामिनच्या तंतूंवरून जातच नाही, वेगळ्याच तंतूंवरून जाते, आणि हिस्टामिन अडवलं तरी ती थांबत नाही. म्हणजे दोन निरनिराळ्या वायरी. आपण इतकी वर्षं एकच कापत होतो. मधुमेहात तर वायरच सडते. साखरेनं बारीक तंतू खराब होतात आणि खराब तंतू काही कारण नसताना संदेश पाठवत राहतात. कोणाला तो आग म्हणून कळतो, कोणाला मुंग्या म्हणून, कोणाला खाज म्हणून. कातडीवर काहीच दिसत नाही, कारण कातडीत काही झालेलंच नसतं.

आकडे काय सांगतात हे पाहण्यासारखं आहे. मधुमेह्यांना सर्वांगाला खाज येते हे पाठ्यपुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या लिहीत होती. १९८६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी ३०० मधुमेही तपासले, तर सर्वांगाच्या खाजेत इतरांशी तुलना करता ठळक फरकच सापडेना. बायकांच्या जननेंद्रियांच्या खाजेत मात्र सापडला: १८ टक्क्यांच्या आसपास, इतर बायकांत साडेपाच टक्के. म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं निरीक्षण खरं आणि पाठ्यपुस्तकातलं वाक्य ऐकीव. मग २०१० मध्ये जपानी डॉक्टरांनी अडीच हजारांहून जास्त मधुमेह्यांना नेमका प्रश्न विचारला: कारण न सापडणारी खाज धडावर येते का? साधारण ११ टक्के लोक हो म्हणाले, मधुमेह नसलेल्यांत ३ टक्के. आणि अशा खाजेचा संबंध मज्जातंतूंच्या लक्षणांशी निघाला. आत्याची पाठ, थोडक्यात.

तिसरा बग सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून सगळ्यात दुर्लक्षित: कोरडी कातडी. घामाच्या ग्रंथी चालवणारे तंतू मेले की पायांना घाम येत नाही, पोटऱ्यांना भेगा पडतात, खाज येते. यावरचं औषध १८७२ साली रॉबर्ट चेझब्रोनं पेटंट घेतलेलं व्हॅसलीन, किंवा तसलंच काही. आंघोळीचं पाणी कोमट, आणि अंग ओलसर असतानाच लावायचं. (बोटांच्या बेचक्यांत नको, तिथे ओल राहून बुरशी होते.) यात जाहिरात करण्यासारखं काही नसल्यानं कोणी ठासून सांगत नाही.

चौथा बग मूत्रपिंडाचा. मधुमेहानं मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसवर गेलेल्यांना जी खाज येते ती फार वाईट, झोप उडवणारी. १९७७ मध्ये बॉस्टनच्या बार्बरा गिलक्रिस्ट यांनी अतिनील किरणांनी ती कमी होते असं दाखवलं. २००४ मध्ये तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी अवघ्या २५ रुग्णांवर फिटच्या आजाराचं गॅबापेन्टिन वापरून पाहिलं, डायलिसिसनंतर आठवड्यातून तीनदा, आणि फरक ठळक निघाला. तेच औषध मज्जातंतूंच्या खाजेलाही देतात, आत्यालाही तेच दिलं, मलमाबरोबर. मूत्रपिंडं अधू असतील तर डोस फार सांभाळावा लागतो. २०२१ मध्ये अमेरिकेत डायफेलिकेफॅलिन मंजूर झालं, खास डायलिसिसच्या खाजेसाठीचं त्या देशातलं पहिलं औषध. आत्याची खाज पूर्ण गेली नाही. पण ती आता रात्रभर झोपते आणि वांग्याचं भरीत खाते.

इथे लेख संपवता आला असता, पण पहिल्या बगची एक पुढची गोष्ट राहिलीय, आणि ती चालू काळातली आहे.

१८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलं गेलं. १८८६ मध्ये फॉन मेरिंगनं दाखवलं की ते दिलं की लघवीतून साखर जायला लागते. शंभरेक वर्षं ते प्रयोगशाळेतलं खेळणं राहिलं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की रक्तातली साखर कमी करायची तर ती लघवीतून फेकून का देऊ नये? त्यातून डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे मंडळी जन्मली. पहिलं २०१२ मध्ये युरोपात आलं. हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींना फायदा दिसल्यानं ही औषधं खरोखरच मोठी मानली जातात. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि किमती धडाधड उतरल्या. २०२३ च्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्यातल्या किती जणांकडे ही गोळी पोचत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

पण लघवीत साखर म्हणजे काय? तर एकोणिसाव्या शतकातली तीच परिस्थिती, यावेळी मुद्दाम घडवून आणलेली. या गोळ्यांचा ठरलेला दुष्परिणाम म्हणजे जननेंद्रियांची बुरशी आणि खाज, बायकांना जास्त, पुरुषांनाही. उपाय सोपा आहे: लघवीनंतर पाण्यानं धुणं, कोरडं ठेवणं, झालंच तर बुरशीचं मलम किंवा गोळी, आणि डॉक्टरांना सांगणं. (त्या जागी दुखायला लागलं, सूज आली, ताप आला तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. अशी गंभीर लागण क्वचित होते, पण होते.)

अडतं ते 'सांगणं' या शब्दापाशी. एवढी औषधं लिहून देण्याच्या गडबडीत रुग्णाला हे आधी सांगितलं जात नाही, आणि झाल्यावर रुग्ण लाजेनं सांगत नाही. मग एक तर तो हृदय वाचवणारी गोळी स्वतःच बंद करतो, नाहीतर मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणतो. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत पळते, बुरशी निवांत वाढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तोवर देशभर नायटे हट्टी होऊन बसले होते. औषधाला न जुमानणाऱ्या एका नव्या बुरशीला २०२० मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, ट्रायकोफायटन इन्डोटिनी. त्यातलं 'इन्डो' आपलंच आहे.

तुमच्या घरात कोणी 'ग्लिफ्लोझिन' शेवट असलेली गोळी घेत असेल तर आज जेवताना सरळ विचारा. आईला विचारायला संकोच वाटत असेल तर बहिणीला किंवा बायकोला विचारायला सांगा. बाबांना तुम्हालाच विचारावं लागेल.